करंड्यातली दाढ

"आ कर."

"नाय करनार."

"आ कर म्हनते ना! एवढा मोठा तांडेल तू, भर उधाणात बोट काढतोस, आन बायकोसमोर तोंड उघडाला भितोस?"

दादूस, माझा थोरला भाऊ, ओट्यावर बसला होता. उजवा गाल फुगून लाडवाएवढा झालेला. वयनीनं एका हातानं त्याची हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हातात लवंगेच्या तेलाचा बोळा होता. मी दारात उभी राहून हसत होते. आत खाटेवर आये होती. तिला मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, पण कान असे तिखट की अंगणात मांजर चालली तरी कुणाची ते सांगायची.

"देवकी, नको गो छळू माज्या पोराला," आये आतून ओरडली.

"तुमचा पोर मना छळतो आये! रातभर कण्हतो, सकालला बोलतो काय झालाच नाय."

शेवटी दादूसनं आ केलं. वयनीनं आत डोकावून बघितलं आणि तिचं तोंड कडू झालं. खालची उजवीकडची अक्कलदाढ. सरळ यायची सोडून मेली आडवी झोपली होती, अर्धी वर, अर्धी हिरडीत. हिरडी लालभडक.

तुम्हाला वाटेल, दाढच ती, काढून टाकायची, त्यात काय मोठं रामायण! पण आमच्या कोळीवाड्यात त्या दाढेनं आधीच पुष्कळ नाच केला होता. मागच्या हंगामात दादूस बोट घेऊन आत दर्यात गेला, किनारा दिसेनासा झाला आणि तिथं ही दाढ ठणकायला लागली. जबडा आवळून बसला. पाणीसुद्धा तोंडात जाईना, ताप चढला, तांडेलच आडवा पडला. खलाश्यांनी जाळं अर्ध्यावर ओढून घेतलं आणि बोट मागे फिरवली. बरोबरच्या बोटी भरून आल्या, आमची रिकामी. कोळीवाड्यात महिनाभर हसणं चाललं होतं, 'हिराजी तांडेलाला अक्कल फुटतेय रं!'

दादूस हसण्यावारी न्यायचा. वयनीला मात्र हसू येत नव्हतं. तिनं त्याला तापात बरळताना बघितलं होतं. बोळा दाढेवर दाबत ती त्या दिवशी म्हणाली, "मी आता एकदाच सांगते. ही दाढ काढल्याबिगर नारली पुनवेला बोटीवर पाय ठेवाचा नाय. ठेवलास तर मी म्हायेरी."

"बरा, बरा," दादूस बोळ्याआडून म्हणाला.

"बरा बरा नाय. आयेची शपथ घे."

त्यानं आयेची शपथ घेतली. आये आतून म्हणाली, "माज्या मरणावर उठलाव दोघांव." आणि मग आम्ही चौघंही हसलो.

मी दादूसपेक्षा सहा वर्षांनी लहान. माझं लग्न व्हायचं होतं, गावातल्या बालवाडीत शिकवायचे. चार बुकं शिकलेली म्हणून कुठं कचेरीत, दवाखान्यात जायचं झालं की घरचे मला पुढं घालायचे. दादूसला घेऊन अलिबागला जायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. वयनी येते म्हणत होती, पण बाबा दिवसभर बंदरावर, आयेला एकटीला टाकून कशी येणार?

एसटीत दादूस सारखा खिडकीबाहेर बघत होता. हा माणूस अमावस्येच्या अंधारात नुसत्या वाऱ्यावर किनारा ओळखायचा. त्या दिवशी मात्र त्याच्या हाताचे तळवे घामानं ओले झाले होते.

"मंदे," तो हळूच म्हणाला, "सुई मारतात काय गो?"

"मारतात. एवढी मोठी."

"गप बस. सांगू नको."

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि आम्हाला दाखवला. दाढ खरंच आडवी होती, पुढच्या दाढेला ढुशा देत पडलेली.

"काढलेली बरी," त्या म्हणाल्या. "आत्ता सूज आहे, गोळ्या देते. सूज उतरली की चार-पाच दिवसांनी काढू. हिरडी कापावी लागेल, टाके पडतील. नंतर आठवडाभर आराम. आणि एक गोष्ट आधीच सांगते. मुळाजवळून शीर जाते. क्वचित कुणाकुणाची जीभ एका बाजूनं, नाहीतर ओठ, काही महिने बधिर राहतो. कधी जास्तही."

"बधिर म्हनजे?" दादूसनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"चव लागत नाही नीट त्या बाजूला."

"आन नाय काढली तर?"

"नाही काढली तर अधूनमधून असाच त्रास होईल. गोळ्यांनी बसेल, पुन्हा उठेल. तुम्ही ठरवा. घाई नाही."

दादूस खुर्चीतून उतरला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. त्यानं मला समजवायला सुरुवात केली. आमच्या बाबांनी त्याला एक जुनी रीत शिकवली होती. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, गोळ्याच्या बुडाला चरबी फासायची आणि तळाला सोडायचा. तळचा चिखल चरबीला चिकटून वर येतो. तो बोटांनी चोळायचा, जिभेवर टेकवायचा. कुठला चिखल कसा लागतो, त्यावरून बोट कुठल्या जागेवर आहे आणि खाली मावरा, म्हणजे मासळी, असेल की नाही, ते कळतं. कोळीवाड्यात हे येणारा तरण्या माणसांत दादूस एकटाच उरला होता.

"जीभ गेली तर मी तांडेल कसला? सांग ना."

"जीभ जात नाय रे. कुणाकुणाला बधिर होते म्हणाल्या."

"तो कुनाकुनातला मीच निघालो तर? आन आठवडाभर घरी बसायचा. दाढ काढायला चार दिवस थांबाचा, मंग आठ दिवस. पुनव निघून गेली! पहिली खेप तांडेलानं चुकवली तर खलाशी दुसऱ्याची बोट धरतात. तुला ठाव हाय."

त्याचं खोटं नव्हतं. पण मला हेही दिसत होतं की या सगळ्याच्या खाली ती सुई आहे. मी म्हटलं, "वयनीला काय सांगशील? आयेची शपथ घेतलीस."

तो डोकं खाजवत बसला. तेवढ्यात आतून एक म्हातारा बाहेर आला. पोयनाडकडचा कोणी शेतकरी असावा, तोंडात कापूस, हातात कागदाची पुडी. तो आमच्या शेजारी बसला, पुडी उघडून त्यानं आपली दाढ एकदा बघितली आणि तोंड वाकडं करून पुन्हा गुंडाळली.

दादूस त्या पुडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, ही दाढ तुम्ही टाकनार काय?"

म्हातारा चमकला. कापसाआडून म्हणाला, "टाकणार नाय तर काय देव्हाऱ्यात ठेवणार?"

"मंग मना द्या."

"दादूस!" मी ओरडले.

म्हाताऱ्यानं त्याला खालून वरपर्यंत बघितलं. वेडा आहे की काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मग पुडी त्याच्या हातावर ठेवून म्हणाला, "घे बाबा. साठ वर्षं भाकऱ्या चावल्यात तिनं. तुझं भलं होवो." आणि हसता येत नव्हतं तरी हसत हसत निघून गेला.

मी कपाळावर हात मारून घेतला. दादूस पुडी उघडून बघत होता. दाढ जाडजूड, वरून झिजून सपाट झालेली, कडेला काळीकुट्ट. त्यानं ती खिशातल्या रुमालात बांधली.

"मंदे, माज्या गल्याची शपथ हाय. वयनीला बोललीस तर बघ."

"पाप लागेल रे."

"दाढेचा कसला पाप? पहिल्या खेपा झाल्या ना, की मी सोता येऊन काढून घेईन. शिमग्याच्या आत. बस?"

भाऊ असा गळ घालायला लागला की बहिणीचं काय चालतं? मी बरं म्हटलं.

घरी शिरण्याआधी त्यानं गालात कापसाचा बोळा कोंबला. गाल आधीच सुजलेला, त्यामुळं सोंग झकास वठलं. वयनी धावत बाहेर आली, हातातल्या सुकटीचा वास तसाच. हिरव्या बांगड्या खळखळल्या. त्या आवाजावरून आयेला कळायचं वयनी कुठं आहे, काय करतेय. बांगड्या वाजल्या म्हणजे घर शाबूत आहे, असं आये म्हणायची.

"काढली?"

दादूसनं मान हलवली आणि पुडी तिच्या हातात दिली, लढाई जिंकून आल्यासारखी.

वयनीनं पुडी उघडली. दाढ दोन बोटांत धरून ती उजेडात गेली. उलटीपालटी करून बघितली, नखानं खरवडून बघितली. बराच वेळ बघितली. मग तिनं दादूसकडं मान वळवली. तो बोळा चावत, शाळेत मार खाणाऱ्या पोरासारखा खाली बघत उभा होता.

"दुकला?" तिनं विचारलं.

"इवलासा."

वयनी एकदम हसायला लागली. अशी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. "शाबास रं माजा तांडेल," म्हणाली. आयेनंही आतून विचारलं, काय झाला गो? "काय नाय आये, तुमच्या पोराला अक्कल आली!" ती म्हणाली. दाढ तिनं धुतली, पुसली आणि आपल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिली. दादूस माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होता.

गोळ्यांनी सूज उतरली. दादूस जेवायला लागला, बोटीला रंग द्यायला लागला, जाळ्यांच्या गाठी तपासायला लागला. रोज उठून त्याला 'आ कर' म्हणणारी वयनी त्या दिवसानंतर एकदाही तसं म्हणाली नाही. मला तेव्हा एवढंच वाटलं की चला, सुटलो.

पुनवेला दर्याला नारळ दिला. वयनी नटली होती, डोक्यात अबोलीची वेणी, खांद्यांवर ओढणीसारखी नवी हिरवी फडकी. दोन दिवसांनी बोटी निघाल्या. आये काठी टेकत ओट्यापर्यंत आली होती. दादूस तिच्या पाया पडला, तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "दुकत नाय ना रं आता?"

"नाय आये. मुळापासून गेली."

वयनी बाजूलाच उभी होती. तिनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला. श्रावणात कधीकधी दर्या फसवतो, पण ते वादळ फसवं नव्हतं, उघड उघड अंगावर आलं. बोटी एकेक करून खाडीत शिरायला लागल्या. सगळा कोळीवाडा वाळूवर उभा होता. आमची बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे खलाशी आले, दुसऱ्याच्या बोटीतून. जाळं बोटीच्या बुडाच्या पंख्यात अडकलं होतं. इंजिन बंद, बोट लाटेला आडवी झाली. जाळं कापायला दादूस कोयता घेऊन पाण्यात उतरला. दुसऱ्या कुणाला त्यानं उतरू दिलं नाही. मग एक लाट आली आणि बोट पालथी पडली. बाकीचे पालथ्या बोटीला धरून राहिले. दादूस वर आलाच नाही.

वयनी रडली नाही. "पवत गेला असंल," एवढंच म्हणाली. "कुठंतरी लागला असंल." आयेनं मात्र अन्न सोडलं. लेक दिसल्याबिगर घास घेणार नाही म्हणाली, दिवसाकाठी घोटभर पाणी तेवढं. आम्ही हातापाया पडलो, वयनीनं चमचा तोंडाशी नेला, तिनं दात आवळून धरले. बाबा ओट्यावर बसून असायचे, दर्याकडं पाठ करून. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, म्हातारी असं किती दिवस काढणार?

मग निरोप आला. खाली दक्षिणेला, दोन खाड्या ओलांडून एका किनाऱ्यावर एक प्रेत लागलं होतं.

निघताना आये खाटेवरून हात हलवत होती. आवाज फुटत नव्हता. वयनी वाकली. आये तिच्या कानाशी म्हणाली, "तोच असला तर मना येऊन सांगू नको. मना तसाच मरू दे." वयनीनं तिच्या हातावरून हात फिरवला, बांगड्या वाजल्या. मग तिनं देवळीतला कुंकवाचा करंडा उचलला आणि कमरेला खोचला. मला वाटलं, तोच असला तर कुंकवाचं जे काय करायचं ते करायला घेतला असेल.

टेंपोत बाबा, वयनी आणि मी. आयेपाशी शेजारीण बसली होती.

इस्पितळाच्या मागच्या खोलीबाहेर डॉक्टर उभे होते, वयस्क, सौम्य माणूस. बरोबर एक हवालदार. डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "आत न जाल तर बरं. बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. चेहरा नाही, अंगावर कपडा नाही. पाण्यात फार दिवस होता. तुमच्या मुलाची काही खूण असेल तर सांगा."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी जे बघितलं ते सांगतो," डॉक्टर म्हणाले. "पुरुष. तिशीच्या आतबाहेर. दणकट बांधा. दात सगळे शाबूत आहेत, एकही पडलेला नाही की काढलेला नाही. खालची उजवीकडची अक्कलदाढ आडवी आहे, अर्धी हिरडीत."

मी भिंतीला टेकले. अलिबागच्या दवाखान्यात उजेडात धरलेला तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आला. माझा दादूस त्या दारापलीकडं होता. सात पावलांवर.

"काय बोल्लात डाक्टर?" वयनी पुढं झाली. तिचा आवाज खणखणीत होता. "उजवीकरची दाढ हाय त्याच्या तोंडात?"

"हो, आहे."

"मंग तो माजा नाय!"

बाबांनी मान वर केली. वयनीनं कमरेचा करंडा काढला, झाकण उघडलं आणि कुंकवानं लाल झालेली ती दाढ डॉक्टरांच्या समोर धरली. "ही बघा त्याची दाढ. पुनवेच्या आधी काढलेली. त्याच्या हातानं माज्या हातावर ठेवली. ज्याच्या तोंडात दाढ हाय तो माजा नवरा कसा असंल? सांगा तुमीच!"

डॉक्टर दाढेकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते काही बोलणार, एवढ्यात वयनी माझ्याकडं वळली.

"मंदे, तू होतीस ना बरोबर? सांग यांना. काढली ना दाढ?"

तिनं माझं मनगट धरलं होतं. एवढं घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या हाडात रुतल्या. बाबा माझ्याकडं बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. मला आयेचं आवळलेलं तोंड दिसलं, वयनीच्या कपाळावरचं कुंकू दिसलं. आणि दाराआडचा माझा भाऊ. खरं बोलले असते तर तो माझा झाला असता, आणि बाकी सगळे गेले असते.

"हो," मी म्हटलं. "काढली."

बाबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. सुटल्याचं रडणं होतं ते. हवालदार म्हणाला, "चला, देवाची कृपा. आता ह्याचं काय ते आम्ही बघतो. बेवारस आहे, उरकून टाकू."

"उरकून?" वयनी म्हणाली. "दर्यानं दिलेला मानूस उरकाचा नसतो हवालदार. कुनाचा तरी नवरा हाय. कुनाची तरी आये वाट बघत असंल. आमी करतो त्याचा."

हवालदाराला काय, बरंच झालं. त्या गावच्या कोळ्यांनी लाकडं दिली, चार माणसं आली. किनाऱ्यावरच चिता रचली. तो गुंडाळून आणला होता. वयनीनं अंगावरची नवी हिरवी फडकी काढली, पुनवेला पांघरलेली तीच, आणि त्याच्यावर घातली. कडा नीट खोचल्या. मग छातीच्या जागी हात ठेवून उगाच काहीतरी चाचपलं, कपडा सारखा केला. मी तोंडात पदर कोंबून उभी होते.

"अग्नी कोन देनार?" कुणीतरी विचारलं.

"मी देतो," बाबा म्हणाले. "माजा पोर कुठंतरी जिता हाय, त्याच्या नावानं याला देतो."

माझ्या बापानं आपल्या लेकाला अग्नी दिला, आणि ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. देवा, असलं माहीत असणं वैऱ्यालाही देऊ नको.

जाळ चढला तशी वयनी पाण्यात गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तोंड धुवायला लागली. धुतच राहिली. लाट यायची, तिचं लुगडं ओलं करून जायची, ती आपली ओंजळीवर ओंजळ तोंडावर मारत होती. त्या गावची एक म्हातारी मला म्हणाली, "परक्यासाठी कोन एवढा करतो गो? मोठ्या मनाची हाय तुजी वयनी."

घरी आलो. वयनी पायसुद्धा न धुता आत गेली, आयेच्या उशाशी बसली आणि बांगड्यांचा हात तिच्या गालावर ठेवला. "आये, आपला नाय. दुसराच कोन होता बिचारा. ऐकलाव? आपला नाय."

आयेनं त्या संध्याकाळी पेज प्यायली.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. आये रोज विचारायची, आला काय गो? वयनी सांगायची, येईल. कुणी म्हणे, दूरच्या मुलखात खलाशी पकडून ठेवतात, वर्षानुवर्षं सोडत नाहीत. आये ते धरून बसली. दिवेलागणीला वयनी तिच्या खाटेपाशी जायची, हात हलवून बांगड्या वाजवायची, मगच आये डोळे मिटायची. बाबा गेले तेही लेकाची वाट बघत गेले. वयनीच्या माहेरचे आले, म्हणाले, पोरी, तरणी हाईस, पोरबाळ नाय, चल, दुसरा घर बघू. तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "नवरा जिता असताना दुसरा घर कसा बघू?"

माझं लग्न शेजारच्याच वाडीत झालं. मी येऊन-जाऊन असायचे. तिच्या कपाळावर ते कोरडं कुंकू बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. वयनी, मोकळी हो. तू वाट बघतेस तो तुझ्याच फडकीत गुंडाळून गेला. पण आये होती ना खाटेवर, ऐकत. आणि मग केस पिकायला लागल्यावर सांगून तरी काय उपयोग, असं वाटायचं. कुणाकुणाला मरण लवकर येत नाही. आयेला तर फारच उशिरा आलं.

आयेचं तेरावं झालं. पाहुणे पांगले. ओट्यावर वयनी आणि मी, दोघीच. वयनीनं करंडा आणून समोर ठेवला. मग हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. फोडल्या नाहीत, घाई केली नाही. सगळ्या उतरवून झाल्यावर पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

"वयनी, हे काय करतेस?" मी म्हटलं. "दादूस..."

तिनं करंड्यातून दाढ काढून माझ्या हातावर ठेवली.

"कुनाची गो ही, मंदे?"

मी हात मागे ओढायला गेले, तिनं तो धरून ठेवला.

"म्हाताऱ्या मानसाची हाय, एवढा मना ठाव हाय," ती म्हणाली. "झिजून पाट झालेली. कडेला बघ, मिश्रीचा काला थर. तुज्या दादूसनं उभ्या जन्मात मिश्री लावली नाय. रोज तोंडात बघत होते ना मी त्याच्या?"

"तू... तेव्हाच?"

"हातात घेतली तेव्हाच. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला आ कर बोल्ले नाय. तुज्या ध्यानात आला नाय काय?"

मला रडू फुटलं. "पोयनाडकडचा एक म्हातारा होता गं. दादूसनं मागून घेतली."

"मागून घेतली?" ती हसली. अगदी त्या दिवशीसारखी. हसता हसता थांबली. "मंग इस्पितलात... तुजा हात मी धरला तेव्हा मना भीती वाटत होती, तू खरा बोलशील म्हनून. आये मेली असती मंदे. त्याच आठवड्यात मेली असती. म्हनून करंडा घेऊनच गेले होते. आन त्याला परक्याच्या हातानं जालू कसा देनार? माज्या फडकीत गेला तो. बापानं अग्नी दिला. सगला झाला त्याचा, फक्त कुनाला सांगता आला नाय."

मी तिचे दोन्ही हात धरले. मोकळे, हडकुळे हात.

"एवढी वर्षं एकटीनं काढलीस? मला तरी सांगायचंस."

"तू तरी कुठं बोल्लीस?"

समोर भरती लागली होती. वयनीचा आवाज बारीक झाला.

"तो काय नाय गो. बाकीचा सगला सोसला. पन दाढ काढल्याबिगर जावाचा नाय, असा बोल्ले होते ना मी? पुडी उघडली तेव्हा दोन शब्द बोल्ले असते तर दुसऱ्या दिवशी कान धरून नेला असता त्याला. टाके पडले असते. आठ दिवस इथं, या ओट्यावर कुरकुरत बसला असता. वादल वरून निघून गेला असता." तिनं पुसलेल्या कपाळावरून हात फिरवला. "पन कसा उभा होता तो, कापसाचा बोला चावत. मना लय माया आली, मंदे. म्हटला, एवढा जीव लावून खोटा बोलतो, जाऊ दे."

मी दाढ करंड्यात ठेवून झाकण लावलं.

दिवेलागण झाली. वयनी उठली, देवळीत दिवा लावला. आणि सवयीनं आत, आयेच्या खाटेपाशी गेली. रिकाम्या उशीवर वाकली आणि हात हलवला.

आवाज आला नाही. तिनं हाताकडं बघितलं.

"आये," ती उशीला म्हणाली, "तो नाय येवाचा."